101 सामने न खेळता लागलेला निकाल: फ्रान्सच्या लीग 1 चा 2019-20 चा हंगाम

पार्श्वभूमी

लीग 1 ही फ्रान्सची सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल लीग. 2019-20 च्या हंगामात तिच्यात 20 संघ होते. प्रत्येक संघाने उरलेल्या 19 संघांशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळायचे. म्हणजे 38 फेऱ्या, 380 सामने. हंगाम 9 ऑगस्ट 2019 ला सुरू झाला आणि 8 मार्च 2020 ला 28 वी फेरी पार पडली. तोवर 279 सामने झाले होते. 280 नव्हे, कारण 7 मार्चला होणारी स्ट्रासबूर्ग आणि पॅरिस सेंट-जर्मेन (पीएसजी) यांची लढत पुढे ढकलावी लागली होती. स्ट्रासबूर्ग आल्सास प्रांतात येते आणि फ्रान्समध्ये कोरोनाचा पहिला मोठा उद्रेक याच भागात झाला. 13 मार्चला लीग थांबली आणि 17 मार्चपासून सगळा देशच घरात बसला.

हा काळ आपल्याकडेही आठवत असेल. 14 मार्चला गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना रिकाम्या गॅलऱ्यांसमोर झाला आणि एटीकेने चेन्नईयिनला 3-1 असे हरवले. देशातली दुसरी फुटबॉल लीग, आय-लीग, मात्र अर्ध्यावर थांबली. तिथला प्रश्न त्या मानाने सोपा होता. मोहन बागानने 10 मार्चलाच बंगालमधल्या कल्याणीत ऐझॉलला हरवून चार फेऱ्या शिल्लक ठेवून विजेतेपद पक्के केले होते. एप्रिलमध्ये भारतीय महासंघाने त्यांना विजेते घोषित केले, कोणालाही खालच्या श्रेणीत पाठवले नाही आणि उरलेली बक्षिसाची रक्कम बाकीच्या दहा क्लबांत सारखी वाटली. फारशी खळखळ झाली नाही.

फ्रान्समध्ये ती झाली आणि प्रकरण देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेले. युरोपातल्या पाच मोठ्या लीगपैकी इंग्लंड, स्पेन, जर्मनी आणि इटली या चारही लीग पुढे मैदानावर पूर्ण झाल्या. फक्त फ्रान्सची झाली नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखे आहे.

थांबले तेव्हा तक्ता काय होता

पुढचे सगळे वाद या तक्त्यातूनच निघाले, म्हणून आकडे नीट पाहू.

पीएसजीचे 27 सामन्यांत 68 गुण होते. दुसऱ्या क्रमांकावरच्या मार्सेयचे 28 सामन्यांत 56. विजेता कोण, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. तिसरा रेन (50) आणि चौथा लील (49) यांच्यात एका गुणाचे अंतर होते आणि त्या एका गुणावर चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लब स्पर्धेतली जागा अवलंबून होती. त्याखाली गर्दी होती: नीस 41, रांस 41, लियों 40, माँपेलिये 40, मोनॅको 40, आँजे 39, आणि एक सामना कमी खेळलेला स्ट्रासबूर्ग 38. उरलेल्या दहा फेऱ्यांत या सात संघांचा क्रम कसाही बदलू शकला असता.

तळाला तुलूझचे 13 गुण होते. ते वाचणे जवळपास अशक्यच होते. पण 19 व्या स्थानावरच्या आमियांचे 23 गुण होते आणि 18 व्या स्थानावरच्या नीमचे 27. त्या वेळच्या नियमांनुसार शेवटचे दोन संघ थेट लीग 2 मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, जात आणि 18 व्याला त्या श्रेणीतल्या संघाशी निर्णायक लढत खेळायची संधी मिळे. आमियां त्या संधीपासून चार गुण मागे होता आणि दहा सामने, म्हणजे 30 गुण, अजून खेळात होते. याच आमियांने फेब्रुवारीत पीएसजीशी 4-4 अशी बरोबरी केली होती आणि 6 मार्चला मार्सेयच्या मैदानावर 2-2. अखेरचा श्वास घेणारा संघ असा खेळत नाही.

लीग 2 मध्ये तर पहिले पाच संघ एकेका गुणाच्या अंतराने उभे होते: लोरियां 54, लांस 53, आजाक्सियो 52, त्रुआ 51, क्लेरमों 50. पहिले दोन थेट वर जाणार होते. पुढच्या तिघांनी आपसांत खेळून लीग 1 च्या 18 व्या संघाशी झुंजायचे होते.

अडचण

एप्रिलमध्ये लीगचा कारभार पाहणाऱ्या संस्थेसमोर, म्हणजे एलएफपीसमोर, तीन दोर एकाच वेळी ताणलेले होते.

पहिला आरोग्याचा. एप्रिलच्या अखेरीस फ्रान्समध्ये मृतांचा आकडा 23 हजारांच्या पुढे गेला होता. सरकार 11 मेपासून टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवण्याची आणि आठवड्याला 7 लाख चाचण्या करण्याची तयारी करत होते. अशा वेळी फुटबॉलपटूंच्या दर दोन-तीन दिवसांनी चाचण्या करायच्या, हे लोकांच्या गळी उतरवणे कठीण होते. माझ्या मते ते योग्यही नव्हते.

दुसरा पैशाचा. कनाल प्लस आणि बीइन स्पोर्ट्स या प्रक्षेपकांनी एप्रिलचे हप्ते रोखून धरले होते, अनुक्रमे 11 कोटी आणि 4 कोटी 20 लाख युरो. फ्रेंच क्लबांचा गाडा याच पैशावर चालतो. खेळाडू विकून आलेला पैसा दुसरा आधार, पण त्या उन्हाळ्यात खेळाडू विकत कोण घेणार होते? शिवाय ऑगस्ट 2020 पासून प्रक्षेपणाचा नवा करार लागू होणार होता. मीडियाप्रो या कंपनीशी झालेल्या त्या करारातून लीगला आजवरची सर्वांत मोठी रक्कम मिळणार होती. म्हणून नवा हंगाम उशिरा सुरू करायला कोणी राजी नव्हते.

तिसरा वेळेचा. युरोपातल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या युएफाने सगळ्या राष्ट्रीय लीगना 25 मेपर्यंत आपापला बेत कळवायला सांगितले होते. एलएफपीचा आराखडा 17 जूनला पुन्हा सुरू करून जुलैच्या अखेरीस संपवण्याचा होता. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत हंगाम संपलाच पाहिजे, अशी तिची समजूत होती.

या तिन्हींच्या मागे आणखी एक अडचण होती, आणि मला तीच मूळ वाटते. लीगच्या नियमांत हंगाम मध्येच कायमचा थांबला तर काय करायचे, याची तरतूद नव्हती. विजेता कसा ठरवायचा, खाली कोण जाणार, युरोपातल्या स्पर्धांना कोण जाणार, किमान किती सामने झाले तर तक्ता ग्राह्य धरायचा, याबद्दल काहीच लिहिलेले नव्हते. त्यामुळे जो कोणता नियम होईल तो तक्ता समोर ठेवूनच होणार होता. कोणत्या नियमाने कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा, हे मत देणाऱ्या प्रत्येकाला आधीच दिसत होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वाट पाहण्याचा. जर्मनी त्याच तयारीला लागली होती. तिथल्या लीगने वैद्यकीय नियमावली लिहून काढली, सरकारला पटवली आणि 16 मेला सामने पुन्हा सुरू केले.

दुसरा पर्याय हंगाम रद्द समजण्याचा. नेदरलँड्सने 24 एप्रिलला हेच केले. आयाक्स आणि एझेड यांचे समान 56 गुण होते. विजेता कोणीच नाही, वर कोणी नाही, खाली कोणी नाही. वाचायला हे न्याय्य वाटते. पण दुसऱ्या श्रेणीत अव्वल असलेल्या कांबुरला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या द ग्राफस्खापला विचारा. वर्षभर आघाडीवर राहून ते जिथल्या तिथेच राहिले.

तिसरा पर्याय म्हणजे झालेल्या सामन्यांवर निकाल लावायचा. यातही तीन वाटा होत्या. निम्म्या टप्प्यावरचा, म्हणजे 19 व्या फेरीनंतरचा तक्ता धरायचा, कारण तेव्हा प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळून झालेले असते. किंवा 27 व्या फेरीनंतरचा तक्ता धरायचा, कारण सगळ्यांचे सामने समान असलेली ती शेवटची फेरी होती. किंवा एकूण गुणांना खेळलेल्या सामन्यांनी भागायचे. फ्रेंच महासंघाने 16 एप्रिलला हौशी लीग थांबवताना हीच भागाकाराची पद्धत वापरली होती, त्यामुळे ती हाताशी तयार होती.

भागाकार ऐकायला अगदी तटस्थ वाटतो. प्रत्यक्षात 20 पैकी 18 संघांचे सामने सारखेच, 28, झाले होते. त्यांच्यापुरता हा भागाकार म्हणजे 28 व्या फेरीचा तक्ता जसाच्या तसा गोठवणे. बदल झाला तो एकाच ठिकाणी: स्ट्रासबूर्ग 38 गुणांवर 1.41 सरासरीने दहावा आला आणि 39 गुणांचा आँजे 1.39 ने अकरावा. प्रक्षेपणाच्या पैशाचा एक हिस्सा क्रमांकावर ठरतो, त्यामुळे हेही नुसते शोभेचे स्थान नव्हते.

आता 27 वी आणि 28 वी फेरी शेजारी ठेवून पाहा. 27 व्या फेरीनंतर लियों 40 गुणांसह पाचवा होता. नीस आणि रांस त्याच्या खाली होते. 28 व्या फेरीत लियों 8 मार्चला लीलकडून 1-0 ने हरला, नीसने मोनॅकोला हरवले, रांस ब्रेस्टविरुद्ध जिंकला आणि लियों सातवा झाला. एका शनिवार-रविवारचा फरक. ऑलिंपिक लियोंचे अध्यक्ष जाँ-मिशेल ऑलास पुढे महिनोन्महिने भांडत राहिले ते याच फरकासाठी.

पहिला निर्णय: 28 एप्रिल

28 एप्रिलला पंतप्रधान एदुआर फिलीप यांनी संसदेत टाळेबंदी उठवण्याचा आराखडा मांडला. शाळा, दुकाने, वाहतूक असे मुद्दे घेत ते खेळावर आले आणि म्हणाले की 2019-20 चा व्यावसायिक खेळांचा हंगाम, विशेषतः फुटबॉलचा, पुन्हा सुरू होऊ शकणार नाही. सप्टेंबरपूर्वी पाच हजारांहून अधिक लोकांचे कार्यक्रम होणार नाहीत, हेही त्यांनी सांगितले.

ज्या भाषणाकडे अख्खा देश मुलांच्या शाळा कधी उघडणार हे ऐकायला कान लावून बसला होता, त्यात फुटबॉलसाठी एक-दोनच वाक्ये होती. ते स्वाभाविकही होते. पण ते भाषण होते, बारकावे लिहिलेला आदेश नव्हे. जुलैमध्ये प्रेक्षकांविना सामने घेता येतील का, परिस्थिती सुधारली तर काय, याचे उत्तर त्यात नव्हते. लियोंच्या बाजूने पुढे नेमके हेच मांडले गेले की पंतप्रधानांच्या वाक्याला एलएफपीने कायद्याचा दर्जा दिला आणि बाकीची दारे स्वतःच बंद केली.

सरकारच्या त्या दिवसाच्या निर्णयाला मी दोष देत नाही. 28 एप्रिलला जुलै कसा असेल हे कोणालाच माहीत नव्हते. जर्मनीत रुग्णालयांवरचा ताण फ्रान्सच्या मानाने बराच कमी होता, त्यामुळे ती तुलनाही पुरती लागू होत नाही.

दुसरा निर्णय: 30 एप्रिल

दोनच दिवसांनी एलएफपीच्या कार्यकारी मंडळाने हंगाम संपल्याचे जाहीर केले आणि त्याच बैठकीत क्रमवारीही ठरवली. पद्धत भागाकाराची. पीएसजी 2.52 सरासरीने विजेता. मार्सेय दुसरा, रेन तिसरा, लील चौथा. नीस आणि रांस दोघेही 1.46 वर होते. आपसांतल्या सामन्यांच्या निकषावर नीस पाचवा ठरला, गोलफरक रांसचा चांगला असूनही. लियों 1.43 वर सातवा.

आमियां आणि तुलूझ खाली, लोरियां आणि लांस वर. 18 व्या स्थानाची निर्णायक लढत होणार नाही, त्यामुळे नीम वाचला आणि आजाक्सियो, त्रुआ, क्लेरमों यांची संधी न खेळताच गेली. 20 मेच्या आमसभेत हे कायम झाले.

माझ्या मते या प्रकरणातला खरा चुकलेला क्षण हाच. हंगाम थांबवणे हा एक निर्णय आणि थांबलेल्या हंगामाचा अर्थ लावणे हा दुसरा. पहिल्याला घाई होती, कारण सरकार बोलून मोकळे झाले होते, क्लबांना पगारांचे बघायचे होते, खेळाडूंचे करार 30 जूनला संपत होते. दुसऱ्याला तेवढी घाई नव्हती. युएफाची मुदत 25 मे होती. हातात साडेतीन आठवडे होते. त्या काळात सर्व क्लबांना लेखी म्हणणे मांडू देता आले असते, तिन्ही तक्ते उघडपणे शेजारी ठेवून चर्चा करता आली असती, निर्णायक लढतींसाठी जुलै-ऑगस्टमध्ये जागा राखता आली असती.

एलएफपीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. तक्ता जितका जास्त दिवस अधांतरी राहिला असता तितका क्लबांना कर्ज मिळणे, खेळाडूंशी करार करणे, प्रक्षेपकांशी हिशेब मिटवणे अवघड झाले असते. मेच्या सुरुवातीलाच लीगने क्लबांना तगवण्यासाठी सरकारच्या हमीवर 22 कोटी 45 लाख युरोंचे कर्ज काढले. तक्ता निश्चित असल्यामुळे वाटप करणे सोपे गेले. हा फायदा खरा होता, पण त्याची किंमत तीन-चार क्लबांनी मोजली.

न्यायालयात

लियों, आमियां आणि तुलूझ हे तिन्ही क्लब कोन्सेई देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात पोहोचले. न्यायमूर्तींनी 9 जूनला निकाल दिला. तो दोन भागांत होता आणि दोन्ही भाग नीट वाचण्यासारखे आहेत.

लियोंची मागणी फेटाळली गेली. हंगाम संपवण्याचा अधिकार लीगला होता, त्या वेळच्या अनिश्चिततेत तो वापरणे बेकायदेशीर नव्हते आणि उपलब्ध पद्धतींपैकी भागाकाराची पद्धत निवडणेही तिच्या अधिकारात होते. दुसरी पद्धत लियोंला सोयीची होती, एवढ्याने पहिली चुकीची ठरत नाही.

आमियां आणि तुलूझ यांची पदावनती मात्र न्यायालयाने स्थगित केली. कारण तांत्रिक वाटेल, पण मोलाचे आहे. लीगचे म्हणणे होते की महासंघाशी असलेल्या करारानुसार लीग 1 मध्ये जास्तीत जास्त 20 संघ असू शकतात, म्हणून दोघांना खाली जावेच लागेल. न्यायालयाने दाखवून दिले की तो करार 30 जूनलाच संपतो. पुढच्या हंगामासाठी नवा करार व्हायचा आहे, आणि त्यात संख्या किती ठेवायची हे अजून ठरायचे आहे. मग संपत आलेल्या कराराचा आधार घेऊन 22 संघांचा विचारच न करणे चूक. न्यायालयाने 22 संघ ठेवा असे सांगितले नाही. पुन्हा विचार करा, एवढेच सांगितले.

आमियांला त्या दिवशी जिंकल्यासारखे वाटले असेल. तो आनंद दोन आठवडेच टिकला. 23 जूनला लीगच्या आमसभेने मोठ्या बहुमताने 20 संघांच्या बाजूने कौल दिला, महासंघाचे अध्यक्ष नोएल ल ग्राए यांचाही 22 ला विरोध होता, आणि दोन्ही क्लबांची पदावनती कायम झाली.

मतदान कोणी केले हे पाहा. 22 संघ झाले असते तर प्रक्षेपणाचे पैसे आणखी दोघांत वाटावे लागले असते, आणि 42 फेऱ्यांचा हंगाम युरो स्पर्धेच्या आधी कोंबावा लागला असता. वेळापत्रकाची अडचण खरीच होती. पण ज्यांचा हिस्सा कमी होणार होता त्यांच्याच मतांवर या दोघांचे भवितव्य ठरले, हेही तितकेच खरे. बेल्जियममध्ये उलटे घडले. तिथे वासलांट-बेवेरनला खाली ढकलून झाले होते, कज्जेखटले झाले आणि जुलैअखेर क्लबांनीच लीग 18 संघांची करून त्यांना ठेवून घेतले.

परिणाम

जुलै आला तेव्हा फ्रान्समध्ये फुटबॉल सुरू झाले होते. 24 जुलैला फ्रेंच चषकाचा अंतिम सामना मर्यादित प्रेक्षकांसमोर झाला. नेमारच्या गोलवर पीएसजीने सेंत-एतिएनला 1-0 ने हरवले. 31 जुलैला लीग चषकाचा अंतिम सामना पीएसजी आणि लियों यांच्यात झाला. लियोंसाठी युरोपचे दार उघडण्याची ती देशातली शेवटची संधी होती. 120 मिनिटे गोलशून्य बरोबरी, आणि पेनल्टींमध्ये 6-5 असा पराभव. पीएसजीने दोन्ही चषक जिंकल्यामुळे त्यांच्या युरोपच्या जागा तक्त्यानुसार खाली सरकल्या आणि सहावा आलेला रांस युरोपा लीगच्या, म्हणजे चॅम्पियन्स लीगखालच्या युरोपीय स्पर्धेच्या, पात्रता फेरीत पोहोचला.

मग ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगचे उरलेले सामने. मार्चपासून अधिकृत सामना म्हणून फक्त तो अंतिम सामना खेळलेल्या लियोंने युव्हेंटसला प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलच्या जोरावर बाहेर काढले. 15 ऑगस्टला लिस्बनमध्ये मँचेस्टर सिटीला 3-1 ने हरवले. उपांत्य फेरीत बायर्नने 3-0 ने त्यांना रोखले. पीएसजी अंतिम फेरीत पोहोचून बायर्नकडूनच 1-0 ने हरला. युरोपातल्या शेवटच्या चार संघांपैकी दोन फ्रेंच होते, आणि त्यांतला एक पुढच्या हंगामात युरोपातल्या कोणत्याच स्पर्धेत नव्हता. 1997 पासून सलग युरोपात खेळत आलेल्या क्लबच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडले.

दरम्यान इंग्लंड, स्पेन आणि इटलीतल्या लीग जूनमध्ये सुरू होऊन ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत संपल्या. युएफाचे अध्यक्ष अलेक्सांदर चेफेरिन यांनीही फ्रान्सने घाई केल्याचे मत जाहीरपणे मांडले. एलएफपी ज्या मुदतीचा धाक धरून बसली होती ती तेवढी कडक नव्हती.

ज्या नव्या कराराच्या भरवशावर ऑगस्टचा मुहूर्त चुकवायचा नव्हता, त्याचे काय झाले? मीडियाप्रोने ऑक्टोबर 2020 चा 17 कोटी 20 लाख युरोंचा हप्ता भरला नाही आणि डिसेंबरमध्ये करारच मोडला. क्लब आधीच्या कर्जाखाली होते, त्यात हा खड्डा. 2023-24 पासून तर लीग 1 मध्ये 18 च संघ ठेवण्यात आले.

तुलूझ 2020 च्या उन्हाळ्यात नव्या मालकांकडे गेला, 2022 मध्ये वर आला आणि 2023 मध्ये त्याने फ्रेंच चषक जिंकला. लांस वर येऊन पहिल्याच हंगामात सातवा आला. आमियां खालीच राहिला. 2017 मध्ये पहिल्यांदा लीग 1 मध्ये आलेल्या, मोठा मालक किंवा मोठे शहर पाठीशी नसलेल्या क्लबसाठी ती एक पायरी चढणे किती अवघड असते, हे पुढच्या वर्षांनी दाखवले.

वेगळे काय करता आले असते

सामने थांबवणे टाळता आले असते का? कदाचित. पण त्या उत्तरात पश्चातबुद्धीचा भाग मोठा आहे, म्हणून मी त्यावर जोर देणार नाही. 28 एप्रिलला उपलब्ध असलेल्या माहितीवर जे शक्य होते तेवढेच इथे धरतो.

क्रमवारीचा निर्णय तीन आठवडे लांबवणे शक्य होते. याबद्दल वर लिहिलेच आहे. स्कॉटलंडने आपला निकाल 18 मेला जाहीर केला. तिथेही हार्ट्सला खाली जावे लागले आणि तोही क्लब कायदेशीर लढाईत उतरला, म्हणजे वेळ घेतल्याने वाद टळतोच असे नाही. पण म्हणणे ऐकून घेतल्यावर आलेला निकाल आणि दोन दिवसांत हातात पडलेला निकाल यांत फरक असतो, निदान हरणाऱ्याच्या दृष्टीने.

मतदानाची रचना बदलता आली असती. ज्या क्लबांचे हितसंबंध थेट गुंतले आहेत त्यांच्याकडून 20 की 22 हे ठरवून घेण्याऐवजी, हा एक प्रश्न महासंघाने नेमलेल्या, कोणत्याही क्लबशी संबंध नसलेल्या समितीकडे सोपवता आला असता. तिने कदाचित 20 च ठेवले असते. तरीही आमियांच्या पाठीराख्यांना निकालाच्या मागे पैशाची वाटणी दिसली नसती.

खाली जाणाऱ्यांना भरपाई देता आली असती. 30 गुण मैदानावर असताना ज्याला खाली ढकलले त्याचे नुकसान आणि 38 फेऱ्या खेळून जो खाली गेला त्याचे नुकसान सारखे नाही. सगळ्या क्लबांसाठी काढलेल्या कर्जातच या दोघांसाठी आणि आजाक्सियोसारख्या संधी हुकलेल्यांसाठी वेगळा वाटा ठेवता आला असता.

आणि मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट निर्णायक लढतींची. 101 सामने खेळवणे अशक्य मानले तरी वादाची ठिकाणे मोजकीच होती: पाचवे-सहावे स्थान, 18 वे-19 वे स्थान, आणि लीग 2 मधल्या तिसऱ्या ते पाचव्या क्रमांकांची चढाओढ. नीम विरुद्ध आमियां, त्यातला विजेता विरुद्ध लीग 2 मधला आव्हानवीर. नीस, रांस आणि लियों यांची आपसांत छोटी साखळी. सगळे मिळून दहाच्या आसपास सामने, प्रेक्षकांविना, एकाच शहरात, जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत. एप्रिलमध्ये हे पक्के जाहीर करता आले नसते, पण 'परिस्थितीने परवानगी दिली तर' अशा अटीवर राखून ठेवता आले असते. परवानगी मिळाली नसती तर भागाकार होताच. युएफाने स्वतः चॅम्पियन्स लीगचे शेवटचे सात सामने असेच लिस्बनला नेले.

ज्या महिन्यात पॅरिसजवळ दोन चषकांचे अंतिम सामने खेळवता आले, त्याच महिन्यात 18 वा कोण आणि 19 वा कोण यासाठीचा एक सामना नक्कीच खेळवता आला असता. आमियां तो हरलाही असता. नीम त्या हंगामात त्यांच्यापेक्षा चार गुण पुढे होता आणि त्या चार गुणांनाही काही अर्थ आहे. पण मग आमियांच्या खेळाडूंना आपण कुठे कमी पडलो हे माहीत असते.